दिव्यावर आलेला पानासारखा पतंग, त्याची अंडी आणि तुमच्या अंगणातली झाडं

ताई, बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण एक गोष्ट आत्ता करा. अंड्यांची ती कागदी पिशवी मुलीच्या टेबलावरून उचला, एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रीजरमध्ये ठेवा, आठवडाभर तरी तिथेच राहू दे. का ते खाली सांगतो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. ब्राझीलच्या दक्षिणेला रिओ ग्रांदे दो सुलमध्ये, काशियास दो सुलच्या बाहेर तुमचं घर आहे, मागे अंगणात पीच, प्लम, एक मोठा अवोकाडो आणि कुंपणाजवळ एक जुना सेद्रो. रात्री व्हरांड्यातल्या दिव्यावर तळहाताएवढा, वाळक्या पानासारखा दिसणारा पतंग आला, मुलीने तो कागदी पिशवीत ठेवला, सकाळी पिशवीच्या आतल्या बाजूला अंडी. पतंग तुम्ही सोडून दिलात, छान केलंत. आता तुमची आठ वर्षांची मुलगी म्हणतेय की अळ्या वाढवायच्या, आणि तुम्ही विचारताय की हा कुठला पतंग आणि याच्या अळ्या काय खातात, घरातल्या कुठल्या झाडाचा पाला चालेल.

पाला तुमच्या अंगणातल्या बहुतेक सगळ्याच झाडांचा चालेल, आणि काळजी नेमकी त्याचीच आहे.

फोटो चारही नीट बघितले. हा लोनोमिया आहे, सॅटर्निडी नावाच्या मोठ्या पतंगांच्या कुटुंबातला, आणि तुमच्या भागाचा विचार केला तर बहुतेक लोनोमिया ऑब्लिक्वा, वॉकरने १८५५ साली नाव दिलेला. 'बहुतेक' मुद्दाम म्हणतोय. जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मी नक्की सांगू शकतो, स्पीशीज, म्हणजे नेमकी जात, फक्त पंखांच्या फोटोवरून छातीठोकपणे सांगणं बरोबर नाही, कारण लोनोमियाच्या जाती पूर्वी डझनभराच्या आसपास धरायचे, आणि डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्यावरून जात ओळखणं, सुरू झाल्यावर त्यांची संख्या खूपच वाढली, वरून एकसारखे दिसणारे पतंग आतून वेगळे निघाले. पक्कं करायचं तर नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात किंवा पायाचा तुकडा डीएनएसाठी द्यावा लागतो. पण तुम्हाला आज जो निर्णय घ्यायचाय त्याला जीनस पुरेसा आहे.

कशावरून ओळखला तेही सांगतो, पुढच्या वेळी तुमचं तुम्हाला जमेल. पुढच्या पंखाच्या टोकापासून एक तिरकी रेघ निघते, ती मागच्या पंखावर तशीच पुढे जाते, आणि पंख पसरलेले असताना ती पानाच्या मधल्या शिरेसारखी दिसते. ऑब्लिक्वा या लॅटिन शब्दाचा अर्थच तिरकी. मागच्या पंखावर डोळ्यासारखा ठिपका अजिबात नाही. रंग करडा-तपकिरी, अंग जाड आणि केसाळ, मिशा बारीक, म्हणजे मादी, आणि अंडी घातली म्हटल्यावर तो प्रश्न तसाही उरत नाही. नर लहान असतो, पिवळसर, मिशा कंगव्यासारख्या, त्यामुळे दोघे शेजारी ठेवले तर लोकांना दोन वेगळे पतंगच वाटतात.

तुमच्याकडे दिव्यावर येणाऱ्या इतर मोठ्या पतंगांशी गल्लत होऊ शकते म्हणून दोन शब्द. ऑटोमेरिस पण बसलेला असताना वाळक्या पानासारखाच दिसतो, पण त्याला जरा डिवचलं की पुढचे पंख बाजूला करून मागच्या पंखांवरचे मोठे डोळे दाखवतो, ते बघितलं की शंका संपली. ईआक्लेस बराच मोठा आणि पिवळाधमक, त्यावर जांभळट तपकिरी शिंतोडे. आणि हायलेसिया म्हणून एक छोटा गडद पतंग असतो, त्याच्या मादीच्या पोटावरचे केस हवेत उडतात आणि अंगाला भयंकर खाज आणतात, तो दिव्यावर झुंडीने आला तर दिवा बंद करून दार लावून घ्यायचं. लोनोमियाचा पतंग स्वतः मात्र कुणाला काही करत नाही. त्याला खायला तोंडसुद्धा धड नसतं, अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो, संपला. मुलीने तो हातात धरला म्हणून घाबरू नका.

धोका अळीचा आहे.

मी मूळचा टसरवाला, म्हणजे रानातल्या रेशमाचं काम करणारा. बरीच वर्षं भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्यांचं काम केलं, तिथले ढिवर समाजाचे लोक पिढ्यानपिढ्या हे करत आलेत आणि खरं शिक्षण माझं त्यांच्याकडेच झालं. टसरचा पतंगही सॅटर्निडीच, म्हणजे तुमच्या व्हरांड्यात आलेल्या बाईची लांबची बहीण. टसरची अळी हिरवीगार, जाडजूड, ती मी हजारो वेळा नुसत्या हाताने या फांदीवरून त्या फांदीवर ठेवली असेल. तीच सवय घेऊन मी सांता कातारिनात, तुमच्या शेजारच्या राज्यात, कामाला आलो. पहिल्याच उन्हाळ्यात एका पीचच्या बागेत, खोडाला हात टेकून वरची पानं बघत होतो, तेव्हा बागेत काम करणाऱ्या एका आजीबाईंनी माझं मनगट धरून हात मागे ओढला. मला आधी कळेचना. मग त्यांनी बोट दाखवलं, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, सालीच्याच रंगाचा एक चट्टा होता, आणि तो चट्टा म्हणजे एकमेकींना चिकटून बसलेल्या अळ्या होत्या, साठ-सत्तर तरी. त्या बाईंचा मी आजही ऋणी आहे. त्या म्हणाल्या, तातुराना. तुपी भाषेत ताता म्हणजे आग, राना म्हणजे तिच्यासारखं. आगीसारखी.

आपल्याकडे सुरवंट म्हटलं की लोकांच्या डोक्यात येतं खाज, गांधी, फार तर दोन दिवस सूज. आमच्या गावाकडे घुला लागला की घोंगडीने चोळून केस काढायचे, वर काहीतरी लावायचं, संपलं. लोनोमियाला हा हिशोब लावू नका. तिच्या अंगावर छोट्या पाइनच्या झाडासारखे फांद्या-फांद्यांचे काटे असतात, टोक मोडलं की आतलं विष कातडीत जातं, आणि ते विष रक्त गोठवणारी यंत्रणा नको तिथे चालू करतं. त्यातली लोपॅप आणि लोसॅक नावाची दोन प्रथिनं चांगली अभ्यासली गेलीत, एक प्रोथ्रॉम्बिनला पेटवतं, दुसरं फॅक्टर टेनला, हे दोन्ही रक्त गोठवणारे घटक. त्यामुळे शरीरात साठवलेलं गोठण्याचं सगळं सामान भलतीकडेच खर्च होऊन जातं आणि खरोखर गरज पडते तेव्हा रक्त गोठतच नाही. आधी फक्त जळजळ, डोकेदुखी, मळमळ. मग काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अंगावर नीळ उठते, हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमेतून रक्त, लघवीतून रक्त. किडनी बंद पडू शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. माणसं मेलीत याने. एका अळीपेक्षा पूर्ण झुबक्यावर हात पडणं जास्त वाईट, आणि या अळ्या झुबक्यानेच बसतात.

व्हेनेझुएलात याच्या भावंडाचं, लोनोमिया अकेलौसचं, हे रूप डॉक्टरांना १९६० च्या दशकातच दिसलं होतं, कार्मेन लुइसा अरोचा-पिन्यांगो यांनी १९६९ मध्ये ते जगापुढे मांडलं. दक्षिण ब्राझीलमध्ये मात्र १९८९ पासून पासो फुंदो आणि शापेकोच्या बाजूला शेतकऱ्यांच्या केसेस येऊ लागल्या तेव्हा लोक हबकले. मग साओ पावलोच्या बुतांतां इन्स्टिट्यूटने १९९० च्या दशकाच्या मध्यात यावर सीरम तयार केलं. आपल्याकडे हाफकिनमध्ये घोड्यांपासून सर्पदंशाचं सीरम करतात ना, तशीच पद्धत, फक्त घोड्याला अळीच्या काट्यांचा अर्क टोचायचा. त्यासाठी त्यांना जिवंत अळ्या लागतात, आणि त्या गावोगावच्या आरोग्य खात्याची माणसं गोळा करून पाठवतात, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता झाडं, म्हणजे तुमचा मुख्य प्रश्न.

काही पतंग खाण्याच्या बाबतीत फार हट्टी असतात. युरेनिया लायलस नावाचा ॲमेझॉन-गयानाकडचा दिवसा उडणारा सुंदर हिरवा पतंग आहे, त्याची अळी ओम्फालिया नावाच्या झाडा-वेलींचा पाला सोडून कशाला तोंड लावत नाही. असं असलं की झाड ओळखलं की अर्धा पतंग ओळखला. लोनोमिया ऑब्लिक्वा तशी नाही. तिची मूळची झाडं जंगलातली: सेद्रो, इपे, आरोएरा, अरातिकुं, रानउंबर. यातला सेद्रो म्हणजे देवदार नव्हे, नावावरून फसू नका, तो सेड्रेला फिसिलिस, कडुनिंबाच्या कुटुंबातला, आपल्या तूनाचा जवळचा नातलग, तुमच्या कुंपणाजवळ आहे तोच. इपे म्हणजे मुंबईत हायवेच्या कडेला गुलाबी फुलांनी भरून जाते त्या बसंत राणीच्या गोतावळ्यातलं झाड. अरातिकुं सीताफळाच्या घरातलं, आरोएरा आंब्याच्या. बघा म्हणजे, एकमेकांशी काही संबंध नसलेली चार-पाच कुटुंबं आणि ही सगळीकडे जेवते. आणि मग माणसाने जंगल तोडून तिथे बागा लावल्या, तर हिने पीच, प्लम, नाशपाती, अवोकाडो, पेरू, रस्त्याकडेचे प्लेन ट्री, सगळं आपलंसं केलं. बाहेरून आणलेल्या झाडावर अशी सहज उतरणारी अळी मला दुसरी क्वचितच भेटली. केसेस वाढल्या त्यामागे जंगलतोड हे मोठं कारण मानलं जातं, झाडंही गेली आणि तिला आटोक्यात ठेवणारे शत्रूही कमी झाले. तिच्या अंगात वाढणाऱ्या टॅकिनिड माश्या आहेत, तिला मारणारा एक व्हायरस आहे, हे सगळं जंगलात आपोआप चालतं, बागेत फवारणीखाली चालत नाही.

म्हणून झाडावरून लोनोमिया ओळखता येत नाही, पण लोनोमिया दिसली की झाडांची यादी कामाला येते, कुठे हात लावण्याआधी बघायचं ते ती सांगते. ही यादी तुम्ही चारा म्हणून मागितली होती, मी ती तुम्हाला नकाशा म्हणून देतोय.

खाद्यवनस्पतींच्या नोंदीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण यात चांगले चांगले लोक चुकतात. अळी ज्या झाडावर दिसली ते तिचं खाण्याचं झाड असेलच असं नाही. खाताना बघितली, पानावर तिच्या दातांच्या खुणा बघितल्या, तरच नोंद करायची. कोष करायची वेळ आली की अळ्या खाणं सोडून भटकतात, भिंतीवर, वीटकामावर, भलत्याच खोडावर चढतात, आणि मग कुणीतरी लिहून ठेवतं की अमुक झाड खाते, ते वर्षानुवर्षं एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत जातं. लोनोमियाच्या बाबतीत तर दिवसा ती खातच नाही. दिवसभर खोडावर खाली गपचूप बसून असते, बऱ्याचदा माणसाच्या हाताच्या उंचीवर, आणि रात्री रांगेने वर शेंड्याला जाऊन पानं खाते, पहाटे परत खाली. म्हणजे दिवसा पानं तपासणाऱ्याला ती दिसत नाही आणि खोडाला टेकणाऱ्याला लागते. अपघात बहुतेक असेच होतात, फळं काढताना, छाटणी करताना, झाडावर चढताना.

तर तुमच्या अंगणात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल रोज सकाळी एकदा फेरी मारायची सवय लावा. झाडाखाली जमिनीवर काळपट लेंड्यांचा सडा दिसतोय का ते आधी बघा, अळ्यांपेक्षा तो लवकर दिसतो. मग लांबूनच खोड चारी बाजूंनी बघा, जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत, फांद्यांच्या बेचक्यांत विशेष. सालीवर सालीच्याच रंगाचा पण जरा ओलसर, लवलवता, हिरवट काट्यांचा पट्टा दिसला तर ती. तुमचा सेद्रो जुना आहे आणि मादी एवढी जवळ आली म्हणजे मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती. ती सगळीच्या सगळी अंडी एका ठिकाणी घालते असंही धरू नका, पिशवीत घातली ती काही, आधी बाहेर घातलेली असू शकतात. अंडी पानांच्या मागच्या बाजूला असतात आणि उंचावर असतात, ती शोधत शिडीवर चढू नका, खोडावर लक्ष ठेवणं पुरतं. झाडाखालच्या पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, कारण ही रेशमाचं घर विणत नाही, तिथेच पाचोळ्यात कोष करते. मेलेल्या अळीला किंवा टाकलेल्या कातीलाही हात नको, काटे तसेच राहतात.

झुबका सापडला तर मारत बसू नका, जाळू नका, पाण्याचा पाइप तर मुळीच मारू नका, अळ्या इकडे तिकडे पसरतील. मुलं आणि कुत्रं आत घ्या, झाडाला दोरी बांधून ठेवा आणि नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, विजिलांसिया म्हणतात तिकडे. ते येऊन काढतात, आणि त्याच अळ्यांपासून पुढे कुणाला तरी लागणारं सीरम बनू शकतं.

आणि लागलीच तर. चोळायचं नाही, गार पाण्याने धुवायचं, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन द्यायचं नाही कारण ती रक्त आणखी पातळ करतात, आणि नुसती जळजळ आहे म्हणून घरी वाट बघत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल. जमलं तर अळीचा स्पष्ट फोटो, किंवा लांब चिमट्याने झाकणाच्या बाटलीत एखादी अळी सोबत न्या, आणि दारातच सांगा: तातुराना, लोनोमिया. हा एक शब्द ऐकला की तिथले डॉक्टर रक्त गोठण्याची टेस्ट आधी करतील. सीरम सरकारी आरोग्य सेवेतून मिळतं, पैसे पडत नाहीत. पोर्तो आलेग्रेला राज्याचं विषमाहिती केंद्र आहे, २४ तास फोन उचलतात, त्यांचा नंबर आजच फ्रीजच्या दारावर चिकटवा. मी इथे बसून सांगतोय ते त्यांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका.

आता अंडी. मादी दिव्यावर आली तेव्हा नराशी मीलन झालेलं होतं की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही. न झालेली मादीपण अंडी घालते, ती काही दिवसांत खळगा पडून सुकतात. पण त्या आशेवर थांबायचं नाही. फलित असली तर दोन-तीन आठवड्यांत फुटतील आणि पहिल्या दिवसाची अळी एवढीशी असते की पिशवीच्या घडीतून, डब्याच्या भोकातून निघून जाते, मग ती घरात कुठे आहे ते तुम्हाला सापडणार नाही. म्हणून फ्रीजर. मला स्वतःला अंडी मारायला सांगणं आवडत नाही, आयुष्य अळ्या जगवण्यात गेलंय, पण आठ वर्षांचं मूल आणि लोनोमिया एका खोलीत हे मी कुठल्याही परिस्थितीत मान्य करणार नाही. प्रयोगशाळेत ती वाढवतात ते लांब चिमटे, जाड हातमोजे आणि सीरम हाताशी ठेवून. आणि तसंही ब्राझीलमध्ये रानातले जीव पकडून संशोधनासाठी ठेवायचे तर सिसबिओ या सरकारी यंत्रणेची परवानगी लागते, मायदेशी बरोबर आणायचा तर विचारही नको.

मुलीला मात्र नुसतं नाही म्हणू नका, तिने रात्री दिव्याखाली पतंग बघून तो न मारता पिशवीत ठेवला, एवढी नजर फार कमी मुलांना असते. तिला फोटो काढायला लावा, तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, कुठल्या झाडाजवळ, हे वहीत लिहायला लावा, दिव्यामागे एक पांढरी चादर टांगा आणि महिन्यातून दोन रात्री काय काय येतं ते मोजा. आणि अळी हातात घेऊनच वाढवायची असेल तर रेशीमकिडा आणा. शेजारच्या पारानामध्ये ब्राझीलचं बहुतेक सगळं रेशीम होतं, म्हणजे हवा त्याला मानवते. त्याला तुती लागते, तुमच्याकडे तिला आमोरेइरा म्हणतात आणि गल्लीत एखादं झाड असणारच, फक्त फवारणी केलेलं नाही ना ते मालकाला विचारून घ्या. पाला कोवळा, कोरडा, सकाळ-संध्याकाळ ताजा. महिन्याभरात चार वेळा कात टाकेल आणि मग डोकं आठच्या आकड्यासारखं हलवत कोष विणायला लागेल, त्या रात्री मुलीला झोपायला उशीर झाला तरी चालेल.

सेद्रोच्या खोडाचा फोटो, दोन मीटर लांबून, चारी बाजूंनी, सकाळच्या उजेडात काढून पाठवा. मी बघतो.